रामजोशीचें गाणें : चालींच्या आधारें कांहीं विचार

सोलापूरच्या रामजोशीच्या लावण्या शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं १९०८ सालीं छापून प्रसिद्ध केल्या, त्यास आतां शतकाहून अधिक काळ लोटला. पुढें यशवंत नरसिंह केळकर यांचा 'तंतकवि तथा शाहीर' (१९५२), म. वा. धोंड यांचा 'मऱ्हाटी लावणी' (१९५६) आणि गंगाधर मोरजे यांचा 'मराठी लावणी वाङ्मय' (१९७४) हे ग्रंथ झाले, व शाहिरी कवनांच्या अभ्यासास पक्की बैठक आली. रामजोशीच्या यमकांविषयीं, अनुप्रासांविषयीं, शृंगारांतील धिटाईविषयीं आणि त्याच्या वैराग्योपदेशाविषयीं जिज्ञासूस आज वाचावयास पुष्कळ मिळतें. आमचा प्रस्तुत विषय याहून अरुंद आहे. रामजोशी हा कवि खरा. पण त्याचीं कवनें डोळ्यांनीं वाचण्यासाठीं झालेलीं नाहींत, डफावर म्हणण्यासाठीं झालेलीं आहेत. तेव्हां हा पुरुष गाणें कोठें शिकला, कोणकोणत्या गाण्यांचे संस्कार त्याच्या कानांवर झाले, आणि त्या संस्कारांच्या खुणा कागदावर उरलेल्या अक्षरांतून कितपत वाचतां येतात, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. हा प्रश्न केवळ गायनरसिकांचा आहे अशी कोणाची समजूत असल्यास ती आरंभींच सोडावी हें बरें. ज्यांच्या संग्रहीं लावण्यांचीं बाडें आहेत त्यांच्या पाठनिर्णयाशीं या प्रश्नाचा निकट संबंध आहे.

रामजोशीचें परंपरागत चरित्र वाचकांच्या परिचयाचें आहे. विषयास लागेल तेवढेंच सांगतों. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सोलापुरास एका वैदिक घराण्यांत त्याचा जन्म झाला. वडील बंधु मुद्गल जोशी हे विद्वान् म्हणून मान्यता पावलेले. घरांत अध्ययनाची परंपरा. पण धाकट्याचें मन गांवांतील धोंडी शाहिराच्या फडाकडे ओढलें. तो तमाशास जाऊं लागला, पुढें स्वतः लावण्या करूं लागला, आणि बंधूंनीं त्यास घराबाहेर काढिलें. मग पंढरपुरास बाबा पाध्ये यांजकडे संस्कृताचें अध्ययन, परत आल्यावर कीर्तन, कीर्तनांतून फिरून तमाशा, मोरोपंतांशीं स्नेह, दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत पुण्यास झालेला गौरव, आणि १८१२-१३ च्या सुमारास मृत्यु, असा क्रम सांगतात. संस्कृतांत 'मदालसाचंपू' हें काव्यही त्याच्या नांवावर सांगितलें जातें. पेशवाई बुडालेली त्यास पाहावी लागली नाहीं.

या चरित्रांत एक गोष्ट आम्हांस नेहमीं खटकते. पंतांच्या भेटीस चरित्रकार पानेंच्या पानें देतात, आणि धोंडीची बोळवण एका ओळींत होते. पंत थोर कवि, त्यांची मान्यता मिळणें हें भूषण, हें सर्व मान्य आहे. परंतु गाण्यांतला पहिला गुरु धोंडी आहे. कान ज्या वयांत घडतो त्या वयांत रामजोशी फडावर बसला होता, आणि पुढें पंढरपुरास जें जें ऐकिलें तें त्यानें त्या घडलेल्या कानानें ऐकिलें. धोंडीच्या पदरीं पांडित्य नव्हतें म्हणून त्याचें ऋण लहान ठरत नाहीं.

फडावर शिकावयास काय मिळतें, हें तमाशाच्या घडणीवरूनच कळतें. शाहिराच्या हातीं डफ, साथीस तुणतुणें व झांज, आणि पाठीमागें झीलकरी. तुणतुण्यास एकच तार. ती एकच स्वर अखंड धरून असते, आणि शाहिरानें कितीही वर-खालीं केलें तरी त्याला त्या स्वरावर परत यावें लागतें. डफ मात्रा मोजतो. झीलकऱ्याचें काम याहून नाजूक आहे. शाहिराचा चरण संपतां संपतां झीलकरी ध्रुवपद उचलतात, त्यामुळें चरणाचा शेवट त्यांस आधीं ठाऊक असावा लागतो, व तेथें शब्दांची गर्दी चालत नाहीं. यमकानें ही सोय होते. लावणींतील यमकांस आमचे टीकाकार 'शब्दचमत्कृति' म्हणून गुण किंवा दोष यांपैकीं एका खात्यांत टाकतात. पण फडावर यमक ही आधीं एक खूण आहे. यमक कानीं पडतांच साथीदार सांवरून बसतो. त्यांत कलगी-तुऱ्याची चढाओढ. कलगीवाला शक्तीचा पक्ष घेणार, तुरेवाला शिवाचा. आणि पद्धति अशी कीं ज्या चालींत सवाल आला त्याच चालींत जबाब द्यावयाचा. म्हणजे चाल आधीं येते व शब्द मागून येतात. अशा शाळेंत तयार झालेल्या माणसाच्या मनांत चालींचा सांठा केवढा असेल, आणि प्रत्येक चालीच्या मात्रा त्याच्या बोटांत कशा भिनल्या असतील, याची कल्पना करावी.

पंढरपुरांत त्यास दुसरें गाणें भेटलें. हरिदासी कीर्तनाची साधनें वेगळीं : वीणा, झांज, मृदंग. तेथें पूर्वरंगांत निरूपण व उत्तररंगांत आख्यान, आणि आख्यानाच्या ओघांत श्लोक, आर्या, साकी, दिंडी, पद, कटाव असे नाना प्रकार एकामागून एक येतात. कीर्तनकारास एका बैठकींत गद्यावरून पद्यावर व एका वृत्तावरून दुसऱ्यावर दहा वेळां उडी मारावी लागते, आणि श्रोत्यास धक्का लागूं द्यावयाचा नसतो. कटावाचा उल्लेख येथें मुद्दाम केला आहे. औरंगाबादच्या अमृतरायांनीं (१६९८–१७५३) कटाव ज्या योग्यतेस नेला ती सर्वश्रुत आहे. एकाच वर्णाच्या पुनरुक्तीनें वाढत जाणारी गति, श्वास घेण्यास जागा न देणारे सामासिक शब्द, आणि शेवटीं एकदम येणारा विराम, हें कटावाचें शरीर होय. रामजोशीच्या उपदेशपर लावण्यांत जी अनुप्रासांची सरबत्ती दिसते, तिचें मूळ केवळ संस्कृत काव्याच्या वाचनांत शोधूं नये. तें कीर्तनाच्या उभ्या पखवाजी कटावांतही आहे असें आमचें मत आहे. शिवाय पंढरपूर हें कर्नाटकाचेंही क्षेत्र. पुरंदरदासांनीं (१४८४–१५६४) आपल्या कानडी पदांवर विठ्ठलाचीच मुद्रा घातली आहे, आणि तीं पदें गाणारे यात्रेकरू चंद्रभागेच्या वाळवंटांत येत आलेले आहेत. सोलापूरच्या मुलास कानडी परकी नव्हती. हीं पदें त्याच्या कानीं पडलीं असलींच पाहिजेत.

आतां पंतांकडे वळूं. मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीस राहत. रामजोशीनें कीर्तनांत त्यांच्या आर्या गाऊन लोकप्रिय केल्या, आणि पंतांनीं त्याच्या कवित्वाचा गौरव केला, असें परंपरा सांगते. 'कविराय' ही मुद्रा रामजोशीच्या कवनांत येते, तिचा संबंधही कोणी या गौरवाशीं जोडतात. त्या आख्यायिकांच्या खरेखोटेपणांत न शिरतां आम्ही एक वेगळा प्रश्न विचारतों : डफावर वाढलेल्या माणसास आर्येचें एवढें आकर्षण कां वाटावें?

पंतांची जी आर्या म्हणून प्रसिद्ध आहे ती शास्त्रतः गीति होय. मूळ आर्येच्या पूर्वार्धांत मात्रा ३० व उत्तरार्धांत २७. गीतीचीं दोन्ही अर्धें तीस-तीस मात्रांचीं. प्रत्येक अर्धांत चार मात्रांचे सात गण आणि शेवटीं एक गुरु, असा हिशेब. हा शेवटचा गुरु गातांना दोन मात्रा अधिक लांबविला कीं बत्तीस मात्रा होतात, आणि बत्तीस म्हणजे आठ मात्रांचीं चार आवर्तनें. लावणीचा बहुतेक संसार याच आठ मात्रांच्या आवर्तनावर चालतो. माधवराव पटवर्धन यांनीं 'छंदोरचनें'त यास पद्मावर्तनी असें नांव दिलें आहे.

येथपर्यंत केवळ बेरीज झाली. खरी मौज पुढें आहे. पिंगलाचे अनुयायी सांगतात कीं आर्येच्या विषम गणांत, म्हणजे पहिल्या, तिसऱ्या, पांचव्या व सातव्यांत, जगण नसावा. आणि सहावा गण मात्र जगणच असावा किंवा चार लघूंचा असावा. जगण म्हणजे लघु-गुरु-लघु. वर्गांत हा नियम मुलांकडून घोकून घेतां घेतां आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं, आणि नियम असा कां, हें विचारणारा मुलगा क्वचितच भेटे. आठ मात्रांचीं आवर्तनें पाडून पाहिलें असतां उत्तर आपोआप मिळतें. विषम गण हे प्रत्येक आवर्तनाचे पूर्वार्ध आहेत. समेपासून निघालेल्या चार मात्रा. जगणांतील मधला गुरु दुसऱ्या व तिसऱ्या मात्रेवर पसरतो, म्हणून तिसऱ्या मात्रेवर नवें अक्षर पडत नाहीं व ठोका हवेंत राहतो. समेनंतर लगेच असें झोकांडें शोभत नाहीं, म्हणून तेथें जगणास मनाई. सहावा गण हा तिसऱ्या आवर्तनाचा उत्तरार्ध. तेथें मात्र झोका हवाच, कारण पुढें शेवटचें आवर्तन यावयाचें आहे व कानास त्याची चाहूल लागली पाहिजे. टाळी वाजवून एखादी गीति म्हणून पाहावी म्हणजे आमचें म्हणणें पटेल. कीर्तनांत आर्या बहुधा ताल न धरतां, सुरावर मोकळी म्हणतात, त्यामुळें तिचा हा सांगाडा झांकला जातो. डफाच्या माणसापासून तो झांकला जाणें शक्य नव्हतें. आमचा तर्क असा कीं रामजोशीनें आर्या ऐकिली तेव्हां त्यास ती परकी वाटली नाहीं. धोंडीच्या फडावर जें बोटांस ठाऊक झालें होतें तेंच येथें संस्कृत नियमांच्या वेषांत उभें होतें. तमाशा सोडून तो कीर्तनाकडे गेला व कीर्तन सोडून तमाशाकडे आला, याचा अर्थ चरित्रकार अधःपात आणि उद्धार अशा भाषेंत लावतात. गाण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यानें गांव सोडलेंच नाहीं, एका आळींतून दुसऱ्या आळींत गेला.

त्याच्या समकालीन शाहिरांत होनाजीच्या गाण्यास बाजीरावाच्या इच्छेवरून रागदारीचें वळण लागलें अशी परंपरा आहे. रामजोशीचें वळण निराळें : रागापेक्षां वृत्ताकडे, स्वरापेक्षां अक्षराकडे. याचा उत्तम पुरावा म्हणजे संस्कृत, मराठी, कानडी व हिंदुस्थानी अशा अनेक भाषा एकत्र गुंफून त्यानें केलेली रचना. हिला विद्वत्तेचा खेळ म्हणून टाळ्या मिळत आल्या आहेत. आम्हांस ती चालीची परीक्षा वाटते. संस्कृतांत लघु तो लघुच, त्यास ओढतां येत नाहीं. मराठी लावणींत गाणारा सोयीप्रमाणें अक्षर लांबवितो किंवा आंखडतो. कानडींत तर ए आणि ओ हे स्वरही ह्रस्व व दीर्घ असे दोन प्रकारचे आहेत. अशा तीन स्वभावांच्या भाषा एका चालींत बसवावयाच्या तर चाल मेणासारखी असून भागत नाहीं. ती सांच्यासारखी पक्की असावी लागते.

आणि येथेंच बाडांच्या धन्यांचा संबंध येतो. बालबोध लिपींत कानडी ओळ उतरतांना ह्रस्व व दीर्घ एकाराचा भेद दाखविण्यास लेखकापाशीं चिन्ह नव्हतें. मोडीची अडचण याहून मोठी. मोडींत इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घ भेदच नाहीं. 'दिन' व 'दीन' एकाच वळणानें लिहिले जातात, आणि दोहोंत एका मात्रेचा फरक आहे. मोडी बाडावरून बालबोधांत नक्कल करणारा आपल्या समजुतीनें एक पाठ घेतो; पुढचा त्यावरून छापतो; आणि तिसरा त्या छापील पाठावरून कवीस वृत्तदोष लावतो! अशा जागीं निर्णय करण्यास एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे चाल. आठ मात्रांच्या आवर्तनांत कोणता पाठ बसतो हें पाहावें. अर्थात् ही कसोटी बेतानें वापरावी लागते. गाणारा अक्षर लांबवितो हें वर सांगितलेंच आहे; त्यामुळें एकेका अक्षरावरून नव्हे, तर संपूर्ण आवर्तनाच्या बेरजेवरून, आणि तीही एकाच लावणीच्या तीन-चार कडव्यांत सारखी जुळत असेल तर, निर्णय करावा. एका कडव्यावरून पाठ फिरविणाऱ्या उत्साही संपादकांची आम्हांस धास्ती वाटते.

चाल कागदावर उरते ती कोणत्या रूपानें? स्वरलिपि नाहीं. लावणीच्या डोक्यावर 'चाल' हा शब्द व पुढें दुसऱ्या एखाद्या कवनाचे आरंभींचे दोन-तीन शब्द, इतकाच आधार. संस्कृतज्ञांस या अवस्थेचें एक दुःखद उदाहरण ठाऊक आहे. जयदेवाच्या गीतगोविंदांतील अष्टपदी गाण्यासाठींच रचलेल्या; पोथ्यांत प्रत्येकीवर राग व ताल यांचीं नांवें दिलेलीं आढळतात. तरीही बाराव्या शतकांतील ती गायकी कशी होती हें त्या नांवांवरून सांगतां येत नाहीं, आणि आज ओढ्र देशांत त्या एका तऱ्हेनें व केरळांत दुसऱ्या तऱ्हेनें गातात. नांव उरलें, गाणें बदललें. लावणीच्या माथ्यावरील 'चाल' हें त्या मानानें गरीब पण अधिक उपयोगी साधन आहे, कारण तें अमूर्त नांवाकडे बोट न दाखवितां दुसऱ्या प्रत्यक्ष कवनाकडे दाखवितें. एकीची चाल दुसरीवर, दुसरीची तिसरीवर, अशी साखळी लागते. आणि त्या साखळींतील एखादें कडें जरी कोणा जुन्या गाणाऱ्याच्या किंवा कीर्तनकाराच्या गळ्यांत जिवंत सांपडलें, तरी सर्व साखळीस प्राण येतो. शिवाय जें कवन चालीसाठीं सांगितलें तें त्या वेळीं सर्वतोमुखीं होतें, हें उघड आहे. मात्र 'त्या वेळीं' म्हणजे कवीच्या कीं लेखकाच्या, याचा विवेक ठेवावा. चाल पुष्कळदां नक्कल करणाऱ्यानें आपल्या श्रोत्यांच्या सोयीसाठीं घातलेली असते, आणि मग ती रामजोशीच्या काळाचा पुरावा नसून बाडाच्या काळाचा पुरावा ठरते. तोही पुरावाच आहे.

ही साखळी पुढच्या काळांतही लांबते. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं शाकुंतल रंगभूमीवर आणिलें तेव्हां त्यांतील पद्यें साकी, दिंडी व लोकांच्या परिचयाच्या चालींवर बांधिलीं. नाटकांच्या छापील पुस्तकांत पदांवर 'चाल' देण्याची जी रीत पडली ती बाडांचीच रीत होय. लावणी व कीर्तन यांतील कित्येक चालींस नाटकानें अशा रीतीनें पन्नास-पाऊणशें वर्षांचें आयुष्य अधिक दिलें. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठीं ध्वनिमुद्रण हिंदुस्थानांत १९०२ सालीं सुरू झालें; रामजोशीच्या मृत्यूनंतर सुमारें नव्वद वर्षांनीं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं घराण्यांतल्या चिजा स्वरलिपींत बांधून ठेविल्या, पण फडावरच्या चालींस भातखंडे भेटला नाहीं. नाटकाच्या पुस्तकांतील चालींचे मथळे हेच त्या नव्वद वर्षांवरील पुलाचे खांब आहेत.

एका भ्रमाविषयीं सावध करणें अवश्य आहे. १९४७ सालीं व्ही. शांताराम यांच्या राजकमल संस्थेनें 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट काढिला. जयराम शिलेदार यांनीं रामजोशीची भूमिका केली, आणि संगीत वसंत देसाई यांचें होतें. चित्रपट उत्तम वठला, लोकांनीं डोक्यावर घेतला, आणि रामजोशीच्या मूळच्या एका शृंगारिक लावणीस त्यानें घरोघर नेलें. याबद्दल शाहिराचे अभ्यासक त्या मंडळींचे ऋणीच आहेत. पण त्याचा एक परिणाम असा झाला कीं आज कोणासही रामजोशीची लावणी म्हणावयास सांगितली तर तो देसायांची चाल म्हणतो, व हीच परंपरागत असें शपथेवर सांगतो. वसंत देसायांची चाल ही एका कुशल संगीतकाराची कृति आहे. तिच्यावरून अठराव्या शतकाविषयीं अनुमान काढूं नये. एखादा वृद्ध गाणारा चाल सांगूं लागला म्हणजे ती त्यानें कोणाकडून व केव्हां घेतली हें आधीं विचारावें, आणि उत्तर १९४७ च्या अलीकडील असेल तर तें तसें नमूद करून ठेवावें.

रामजोशीच्या व त्याच्या समकालीन शाहिरांच्या लावण्यांची चालसूची तयार व्हावी असें आमच्या मनांत आहे. ज्यांच्या संग्रहीं लावण्यांचीं बाडें आहेत त्यांनीं पूर्ण नकला पाठविण्याचे श्रम घेऊं नयेत. प्रत्येक कवनाचे आरंभींचे शब्द, ध्रुवपद, शेवटची मुद्रा, माथ्यावरील चालीचे शब्द जसेच्या तसे, आणि लिपि मोडी कीं बालबोध, एवढ्या पांच गोष्टी लिहून कळवाव्या. चालीचे शब्द अपुरे किंवा अशुद्ध वाटले तरी ते दुरुस्त करूं नयेत. बांधणी करतांना पानांच्या वरच्या कडा कापण्याची बांधणाऱ्यांस फार हौस असते. चाल बहुधा त्याच कडेस लिहिलेली असते, म्हणून बाड बांधावयास देण्यापूर्वीं ती उतरून घ्यावी.